मिटलेल्या शिंपल्या

मी वाईट माणूस नाही, आळशी आहे. हे बचाव म्हणून सांगत नाही, आरोप म्हणूनच सांगतोय. वाईट माणसापासून लोक चार हात लांब राहतात. आळशी माणसावर मात्र सगळे बिनघोर विसंबतात, आणि मग त्याने करून ठेवलेलं निस्तरायला दुसऱ्याच कुणाला तरी बसावं लागतं.

माझं काम किनाऱ्याची तब्येत मोजायचं. असंही काम असतं. आमच्या कार्यालयातून दरवर्षी किनाऱ्याचं प्रगतिपुस्तक निघतं. पाण्याला गुण, पाण्याखालच्या गवताला गुण, पक्ष्यांना गुण, शिंपल्यांना गुण, आणि शेवटी या सगळ्यावर ज्यांचं पोट आहे त्या माणसांनाही गुण. बेरीज शंभरापैकी. ती पन्नासच्या खाली गेली की वरून तपासणीची माणसं येतात, नाल्यांतून काय वाहून येतंय ते बघतात, कारखान्यांची गटारं उघडायला लावतात. पन्नासच्या वर असली की कोणी फिरकत नाही. पास झालेल्या पोराच्या वह्या कोण तपासतो?

शिंपल्यांची मोजणी माझ्याकडे. ओहोटीला आमच्याकडे चिखलाची लांबलचक सपाटी उघडी पडते. तिच्यावर चाळीस खांब रोवलेले आहेत. प्रत्येक खांबाशी लोखंडी चौकट टाकायची, चौकटीतला चिखल वीतभर खणायचा, चाळणीत घालून धुवायचा आणि उरलेल्या शिंपल्या मोजायच्या. जिवंत किती, मेलेल्या किती. जिवंत असतील त्या परत चिखलात सोडायच्या आणि पुढच्या खांबाकडे निघायचं.

यात एक गोम आहे. मेलेली शिंपली दर वेळी उघडी पडत नाही. कधीकधी आतलं मांस कुजून जातं, त्या जागी गाळ भरतो आणि दोन्ही झाकणं मिटलेलीच राहतात. हातात घेतली तर वजनसुद्धा जिवंत असल्यासारखं. ओळखायची एकच रीत. दोन शिंपल्या एकमेकींवर हलकेच आपटायच्या. जिवंत असेल तर टणक आवाज येतो, गाळाने भरलेली असेल तर नुसताच थप्प. आमच्या नियमावलीत हे सातवं कलम आहे. पण मी ते नियमावलीतून शिकलो नाही. मला ते मावशीने शिकवलं, मी सात वर्षांचा असताना.

माय मरो पण मावशी उरो, असं म्हणतात. माझ्या बाबतीत ते शब्दशः झालं. मावशीने लग्न केलं नाही, शिंपल्या वेचून मला वाढवलं, शिकवलं, आणि मी या कार्यालयात चिकटलो तेव्हा सगळ्या वस्तीला सांगत फिरली की आता आपल्या सपाटीची काळजी घ्यायला आपला माणूस आहे. तेव्हापासून ती मला घरातसुद्धा ‘साहेब’ म्हणायची. चहा ठेवला की म्हणायची, “साहेब, साखर किती? मोजून सांगा हो.”

तर त्या साहेबांनी काय केलं ते ऐका. दोन वर्षांपूर्वी कार्यालयाने उंच रबरी बूट दिले. ते मला एक नंबर लहान होते. बदलून घ्यायचे तर अर्ज करायचा, आठ दिवस थांबायचं. मी म्हटलं, चालतील. दहाव्या खांबापर्यंत टाचांची सालटं निघाली होती. बरोबर यायचा तो जोडीदार आजारी होता, वारा गार होता, आणि चाळणीत प्रत्येक खांबाशी पाऊणशे-शंभर शिंपल्या. एकेक आपटून बघायची म्हणजे पाच दिवसांचं काम. अकराव्या खांबाशी मी स्वतःशी म्हटलं, मिटलेली दिसतेय ना, मग धरा जिवंत. बाकीचे तीस खांब मी दीड दिवसात उरकले. घरी जाऊन गरम पाण्यात पाय बुडवून बसलो आणि मला झोपही छान लागली. हेही सांगायला हवं. त्या वेळी मला काही म्हणजे काही वाटलं नाही.

त्या वर्षी आमच्या सपाटीला बहात्तर गुण मिळाले. आदल्या वर्षी एकसष्ट होते. कार्यालयात कौतुक झालं. आमच्या प्रमुख बाई, ज्या सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत, त्या म्हणाल्या, “सपाटीने उचल खाल्ली म्हणायची.” मी मान डोलावली.

पुढच्या वर्षी मी बूट बदलून घेतले होते. पहिल्याच खांबाशी बसून नीट आपटून बघितलं. टक्. थप्प. थप्प. थप्प. टक्. थप्प. मिटलेल्या दहांतल्या सात मेलेल्या. दुसऱ्या खांबाशी तेच, तिसऱ्याशीही तेच. खरं लिहायचं तर एका वर्षात आकडा तिसऱ्या हिश्श्यावर येणार. बाई विचारणार, गेल्या वर्षी काय मोजलं होतंत? मी चिखलात बसून थोडा वेळ विचार केला आणि पुन्हा सगळ्या मिटलेल्या जिवंत धरल्या. दोन-चार कमी दाखवल्या, संशय नको म्हणून. सत्तर गुण. पहिल्या वर्षीचं पाप आळसाचं होतं. हे दुसरं मी शुद्धीवर असताना केलं.

आता तुम्ही म्हणाल, वेचणाऱ्या बायकांना कळत नव्हतं? त्यांच्या बोटांना तर मोजणीदाराच्या आधी कळतं. कळत होतंच. पण त्यांच्या कामाचा एक जुना दंडक आहे. दुसरीच्या टोपलीत डोकावायचं नाही. प्रत्येकीची जागा ठरलेली, प्रत्येकीची टोपली ओल्या गोणपाटाने झाकलेली, आणि “आज किती मिळाल्या?” हा प्रश्न म्हणजे उघड उघड भांडण. भल्या दिवसांत ठीक होता तो दंडक. नजर नको, हेवा नको. पण वाईट दिवसांत काय झालं? प्रत्येकीची टोपली अर्धी रिकामी, आणि प्रत्येकीला वाटतंय की रिकामी आपलीच आहे. वर चावडीच्या फलकावर आमचं प्रगतिपुस्तक डकवलेलं. शिंपल्या: उत्तम.

हा दंडक एकीनेच मोडला. तिला सगळे चष्मेवाली म्हणायचे, कारण चिखलात चष्मा लावून जाणारी ती एकटीच. मावशीची आणि तिची जागा लागून. तीस वर्षं दोघी पाठीला पाठ लावून वाकल्या असतील. बहात्तर गुणांचं प्रगतिपुस्तक लागलं त्यानंतर काही महिन्यांनी ती सपाटीवरून परतताना सगळ्यांसमोर म्हणाली, “खोटं आहे ते. खाली काही उरलेलं नाही. नुसती गाळाची मढी आहेत.”

आणि मावशी चवताळली. हे मला मावशीनेच सांगितलं, मोठ्या फुशारकीने, माझ्या ताटात वाढता वाढता. “मी म्हटलं तिला, माझ्या भाच्याने गुडघे टेकून मोजल्यात. एकेक शिंपली. तुला मिळत नाहीत कारण तू वाकत नाहीस. नाचता येईना, अंगण वाकडं! कामचुकार कुठली.”

“असं म्हणालीस?”

“म्हणणारच. तुझ्या कामाला खोटं म्हणते म्हणजे काय?”

मी पाणी प्यालो आणि विषय बदलला. त्याच वर्षी चष्मेवालीने शिंपल्या वेचायचा परवाना परत केला आणि शहरातल्या एका धुलाईघरात चादरी घड्या घालायच्या कामाला लागली. तीस वर्षांची मैत्री, पण त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. मला हे ठाऊक होतं. मी मावशीकडे जातच राहिलो, जेवतच राहिलो.

या वर्षीही शिंपल्यांची मोजणी तशीच उरकली, आणि माणसांचे गुण काढायची पाळीही माझ्यावर आली. घरोघर जायचं, फॉर्म भरायचा. चव्वेचाळीस घरं. मावशीचं घर मी मुद्दाम शेवटी ठेवलं. ती तयारीत बसली होती. टेबल पुसलेलं, दोन कप समोर, आणि अंगावर बाहेर जायचा चांगला कोट. भाचा सरकारी कागद घेऊन येणार म्हणून.

“गेल्या महिन्यात किती दिवस सपाटीवर गेलीस?”

“सव्वीस.”

“मिळकत आधीपेक्षा जास्त, तेवढीच, की कमी?”

तिने दाराकडे बघितलं. “इथेच राहील ना हे? बाहेर कुणाला नाही ना कळणार?”

“नाही कळणार.”

“कमी. बरीच कमी. निम्म्याहून कमी.”

“कारण,” मी वाचलं. माझा आवाज मलाच परका वाटत होता. “एक, शिंपल्या कमी झाल्या. दोन, हवामान. तीन, वय किंवा आजारपण. चार, इतर.”

“तीन लिही,” मावशी म्हणाली.

“तीन?”

“मग काय? शिंपल्या आहेत, ते तर तूच मोजलंस.” तिने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. बोटांना कसलंसं मलम लावलं होतं, त्याचा कापरासारखा वास येत होता. “हेच गेले रे. खाली शिंपली आहे की दगड, बोटाला कळत नाही आताशा. सगळ्या मेलेल्याच हाताला लागतात. जिवंत असतात त्या मला सापडत नाहीत. डॉक्टरकडे गेले होते दोनदा. तो म्हणतो, बोटांना काही झालेलं नाही. त्याला काय कळतंय? तो काय शिंपल्या वेचतो?”

मी पेन धरून बसलो. तोंड उघडलं असतं तर तिथेच सगळं बाहेर आलं असतं. ती वाट बघत होती, मी लिहीन म्हणून. मी तीनच्या भोवती गोल केला.

“आणि ऐक,” ती म्हणाली. “या शुक्रवारी नाही, पुढच्या शुक्रवारी तुमची सभा आहे ना, प्रगतिपुस्तक वाचायची? त्याच दिवशी मी परवाना परत देणार आहे. सगळ्यांसमोर, मानाने. उगाच जागा अडवून बसायचं नाही म्हातारीने. कुणी तरुण येईल.”

“घाई कशाला करतेस?”

“घाई? सदुसष्ट झाले मला, साहेब. मोजता येतं ना?”

ती हसली. मी चहा संपवला आणि रस्त्यावर येऊन कोपऱ्यावरच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. कुंपणानेच शेत खाल्लं, ही म्हण मी शाळेत असताना वाक्यात उपयोग करून लिहिली होती. वाक्य काय लिहिलं होतं ते आठवत नाही.

तरीही मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. स्वतःला सांगत राहिलो की तसंही तिचं वय झालंय, तसाही कधीतरी परवाना द्यायचाच होता. माणूस स्वतःची समजूत काढायला बसला की त्याला फार चांगली कारणं सुचतात.

सभेच्या चार दिवस आधी बाईंनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर मसुदा होता. बाई खुशीत होत्या, म्हणजे त्यांनी चष्मा काढून ठेवला होता.

“हे बघा,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं हे काम करतेय, दोन्ही बाजू एवढ्या स्वच्छ जुळलेल्या पहिल्यांदाच बघितल्या. शिंपल्या भरपूर, मिळकत मात्र कमी. मला कोडं पडलं होतं. तुमच्या फॉर्मनी सोडवलं. चव्वेचाळीस घरांपैकी एकतीस घरं म्हणतायत, कारण वय आणि आजारपण. किनारा ठणठणीत आहे, वेचणाऱ्या थकल्यात.” त्यांनी पान उलटलं. “शिफारसही तशीच केलीय. वयस्कर बायकांना सन्मानाने निवृत्त करायचं, परवाने कमी करायचे. नाल्यांची तपासणी आणखी पाच वर्षं पुढे ढकलता येईल.”

एकतीस. मी ते फॉर्म स्वतः भरले होते, पण घरं वेगवेगळी, दिवस वेगवेगळे. एकत्र आकडा मी पाहिला नव्हता. एकतीस बायका आपापल्या स्वयंपाकघरात बसून आपल्याच हातांना, पाठीला, डोळ्यांना दोष देत होत्या. त्यातल्या काही तर चाळिशीच्या होत्या. त्यांनी माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून स्वतःविरुद्ध साक्ष दिली होती, आणि ती साक्ष आता माझ्या खोट्याचा पुरावा झाली होती.

“तुम्हाला बरं वाटत नाहीये का?” बाईंनी विचारलं.

“उद्या ओहोटी सकाळी आहे,” मी म्हटलं. “एकदा जाऊन येतो.”

दुसऱ्या दिवशी मी बारा खांब केले. प्रत्येक शिंपली आपटून. मिटलेल्या नऊशे चाळीस. त्यातल्या जिवंत दोनशे चार. नालासुद्धा बघून आलो, जिथे तो सपाटीला मिळतो तिथे. त्या बाजूच्या खांबांशी तर शंभरात सहासुद्धा जिवंत नव्हत्या. चिखलाला राखाडी साय आली होती आणि डोळे चुरचुरत होते. हे सगळं दोन वर्षांपूर्वी दिसलं असतं. तेव्हा निम्म्या तरी वाचवता आल्या असत्या.

तसाच चिखलाच्या बुटांनी मी बाईंच्या खोलीत गेलो आणि सांगितलं. उभ्याउभ्याच, बूट, जोडीदार, दीड दिवस, दुसरं वर्ष, तिसरं, सगळं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग चष्मा लावला.

“सातवं कलम मी लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला माहीत आहे?”

“नाही.”

“तुमच्यासारख्याच एकामुळे लिहावं लागलं होतं.” त्यांनी मसुदा उचलला, कचऱ्याच्या टोपलीत टाकला नाही, नुसता उपडा करून ठेवला. “फेरमोजणी होईल. तुम्ही आजपासून सपाटीवर जायचं नाही. पुढचं काय ते वरचे ठरवतील. शुक्रवारची सभा मात्र रद्द करायची नाही. तिथे तुम्ही बोलायचं. मी बोलले तर ती दुरुस्ती होईल, आकड्याची. त्या बायकांना माणसाच्या तोंडून कळलं पाहिजे.”

“आधी एका ठिकाणी सांगितलं तर चालेल?”

त्यांनी होकारार्थी मान हलवली. मावशी त्यांनाही माहीत होती.

शुक्रवारी सभेच्या तासभर आधी मी मावशीकडे गेलो. ती आरशासमोर उभी राहून कोटाची बटणं लावत होती. परवाना टेबलावर, कापडात गुंडाळलेला.

“अरे वा, साहेब न्यायला आले!”

“मावशी, बस जरा.”

“बसायला वेळ कुठाय?”

“बस.”

माझा चेहरा बघून ती बसली. मी सांगितलं. बाईंना सांगताना शब्द आपोआप आले होते, इथे एकेक शब्द ओढून काढावा लागला. मी तिच्या हातांकडे बघत बोलत होतो, तोंडाकडे बघायची छाती नव्हती. शेवटी म्हटलं, “खाली शिंपल्या नाहीतच, मावशी. दहांतल्या आठ मेलेल्या आहेत. तुला सापडत नव्हत्या कारण नव्हत्याच.”

ती मारेल असं वाटत होतं. तिने लहानपणी मला एकदाच मारलं होतं, आणि ते खोटं बोलल्याबद्दल नव्हतं, चिखलात एकटा गेल्याबद्दल होतं.

“म्हणजे माझी बोटं बरी आहेत?” ती म्हणाली.

मी वर बघितलं. ती हसत होती. तोंडभर, पोरीसारखी. “म्हणजे मला जे कळत होतं ते बरोबर होतं? मेलेली म्हणजे मेलेलीच?” तिने दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले, बोटं उघडली, मिटली. “बघ, अरे! काही झालेलं नाही यांना. तो डॉक्टर सांगत होता, आणि मी त्यालाच वेड्यात काढत होते!”

मला शिव्या चालल्या असत्या. तिने घराबाहेर काढलं असतं तरी चाललं असतं. पण ती खूश झाली होती, आणि तिच्याकडे बघून मला पहिल्यांदा नीट कळलं की दोन वर्षं मी तिच्याकडून काय हिरावून घेतलं होतं. मी रडायला लागलो. चाळिशी उलटलेला बाप्या मी, स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून हुंदके देत होतो.

“गप,” ती म्हणाली, पण मायेने नाही. तिचं हसू आता विरत चाललं होतं. ती खिडकीकडे बघत होती. “चष्मेवाली खरं बोलत होती म्हणजे.”

“हो.”

“आणि मी तिला सगळ्यांसमोर...” ती उठली, परवाना खिशात घातला. “चल.”

रस्ताभर ती माझ्या पुढे चालत होती. एकदाही मागे बघितलं नाही.

सभागृह भरलं होतं. बाईंनी दोन वाक्यं बोलून मला पुढे बोलावलं. काय बोललो ते सगळं सांगत नाही, तुम्हाला ते आता ठाऊकच आहे. बोलून झाल्यावर मागे कुणीतरी खुर्ची सरकवली आणि सगळ्यांनी वळून बघितलं.

पहिली बोलली ती कोपऱ्यातली एक तरुण बाई. “काल मला पाव टोपली मिळाली,” ती म्हणाली. एवढंच. पण ते ऐकून बायका अशा दचकल्या जणू तिने भर सभेत कपडे उतरवले. मग तिच्या शेजारची म्हणाली, “मला तेवढीही नाही.” मग तिसरी. “मी आठवडाभर घरी सांगतेय की पाठ दुखते. पाठ नाही दुखत. नेण्यासारखं काही नसतं.” मग एकदम सगळ्याच बोलायला लागल्या, कुणी माझ्याकडे बघून, कुणी एकमेकींकडे. एक म्हातारी मोठमोठ्याने हसत होती आणि डोळे पुसत होती. दुसरी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, तिने मला नखशिखान्त न्याहाळलं आणि जागेवर जाऊन बसली.

चष्मेवाली दाराशी उभी होती. धुलाईघराचा निळा झगा तसाच अंगावर. तिला कुणीतरी निरोप दिला असावा. गोंगाट जरा ओसरल्यावर ती पुढे आली आणि तिने मला नाही, बाईंना विचारलं, “मग माझा परवाना?”

बाईंनी परवान्याच्या कारकुनाकडे बघितलं. कारकून उभा राहिला, बिचारा घामाघूम. “एकदा परत केलेला परवाना पुन्हा देता येत नाही,” तो म्हणाला. “नियम आहे. बाई वर लिहू शकतात.”

“लिहीन,” बाई म्हणाल्या. “आजच लिहीन.”

“वर लिहिलेलं खाली यायला किती दिवस?” हा आवाज मावशीचा होता.

कारकुनाने खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. “वर्ष. दीड वर्षही लागेल.”

“दुसरा काही रस्ता?”

“म्हणजे... कुणी आपला चालू परवाना दुसऱ्याच्या नावे करून दिला तर तो लगेच होतो. एका अर्जाचं काम आहे. पण मग देणाऱ्याला...”

“देणाऱ्याला परत मिळत नाही,” मावशी म्हणाली. “कळलं.”

ती उठून टेबलाशी गेली. मी तिच्या आड आलो. “मावशी, नको. तुला आताच तर कळलंय. तुझे हात चांगले आहेत, तू अजून दहा वर्षं...”

“बाजूला हो.”

“चूक माझी आहे. तिने परवाना माझ्यामुळे दिला.”

“तुझ्या कागदामुळे नाही दिला तिने,” मावशी म्हणाली. “तो कागद फलकावर लागला तेव्हाही ती चिखलात उतरतच होती. तिला कामचुकार म्हटलं ते मी. तेव्हा तू तिथे नव्हतास. तुझं तू फेड, माझं मला फेडू दे.”

चष्मेवाली म्हणाली, “मला नको तुझा परवाना.”

“भांडायचं असेल तर सपाटीवर भांड,” मावशीने तिच्याकडे न बघता उत्तर दिलं. “बांधावर येऊन बसेन मी ऐकायला. आधी इथे सही कर. चष्मा पूस, दिसत नसेल तर.”

चष्मेवाली टेबलाशी आली. मग तिने खरंच चष्मा काढला, निळ्या झग्याच्या टोकाने पुसला आणि पेन घेतलं. मावशीने आधीच सही केली होती, सावकाश, एकेक अक्षर दाबून, जराही न थरथरणाऱ्या हाताने.

कारकुनाने अर्ज उलटा करून बघितला. “साक्षीदार लागेल एक. कार्यालयातला.”

बाई पुढे व्हायला निघाल्या. मावशीने त्यांना हाताने थांबवलं आणि पेन माझ्यापुढे धरलं.

“साहेब,” ती म्हणाली, “वाचून घ्या नीट. मग सही करा.”

मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि सही केली.